जुना जमा केल्याशिवाय नवा नाही

सुरुवात अगदी बारीक गोष्टीपासून झाली. सकाळी जीप सुरू केली की बोनेटखालून चिमणीच्या पिल्लासारखा आवाज यायचा. चिंव, चिंव, चिंव. थोड्या वेळानं बंद. मला वाटलं, खरंच आत पिल्लू अडकलंय! मी स्टोअरच्या खिडकीतून ओरडले, "चाचा, थांबा, थांबा! आत काहीतरी जिवंत आहे!"

इस्माईलचाचांनी उतरून बोनेट उघडलं, वाकून अगदी गंभीरपणे पाहिलं. "है ना बेटी. फॅन बेल्ट है. अजून जिवंत हाय, पन लई दिवसाचा सोबती न्हाई."

सगळे हसले. मीही हसले.

सगळे म्हणजे तरी किती? नगरमधली आमची छोटीशी संस्था. दुष्काळात गावोगाव पिण्याचं पाणी पोचवायचं हे काम. साहेब कायम दौऱ्यावर. बाकी रंगनाथ मिस्त्री, ड्रायव्हर इस्माईलचाचा, आणि बी.ए. होऊन स्टोअर क्लार्क झालेली मी. गाडी एकच. जुनी फोर-व्हील ड्राइव्ह जीप, मागे पाण्याच्या पिपांचा ट्रेलर. इतक्याशा माणसांत किस्से साचावेत तरी किती? पण कपाटामागं जळमटं धरतात ना, तसे ते आपोआप साचतात, आणि एक दिवस कपाट हलवलं की केवढे निघतात! आमचे निम्मे किस्से त्या एका रबरी बेल्टाचे आहेत.

*

नवा बेल्ट मागवायचं काम माझं. मी शिकलेली! कपाटातून जीपचं पुस्तक काढलं, त्यातला नंबर सुवाच्य अक्षरात लिहिला आणि दुकानात पाठवला. दुकानदारानं त्याच नंबरचा बेल्ट दिला. एक आकडा इकडचा तिकडे नाही.

मिस्त्रीनं तासभर झटापट केली. बेल्ट काही पुलीवर चढेना. शेवटी घाम पुसत तो म्हणाला, "ताई, हे पुस्तक कुन्या गाडीचं?"

"आपल्याच जीपचं!"

"आपली जीप जल्मली पेट्रोलची. मागनं तिला डिझेल इंजिन बसवलंय. काळीज बदललं, अन् तुमी जुन्या काळजाचं औषध आनलं व्हय!"

पुस्तकात नसलेलंही काही असू शकतं, हे मला बी.ए.ला कुणी शिकवलं नव्हतं.

*

मग ठरलं, माप घ्यायचं. पुल्यांभोवती दोरी फिरवायची आणि ती दुकानात न्यायची. मिस्त्री बाहेर गेला होता. दोरी सापडेना. माझ्या पिशवीत भावाच्या स्वेटरची लोकर होती. मी ती तिन्ही पुल्यांभोवती गुंडाळली, गाठ मारली, ऐटीत दुकानात गेले. दुकानदारानं लोकर दोन्ही हातांनी छान ताणून पट्टीवर धरली.

लोकर ताणली की वाढते. मला ठाऊक होतं. मी विणते! पण त्याला 'ताणू नका' म्हणायचा धीर झाला नाही. मोठं दुकान, चार गिऱ्हाइकं उभी, सगळे पुरुष.

आलेला बेल्ट चाचांनी हातात धरून खाली सोडला. तो त्यांच्या गुडघ्यापर्यंत लोंबला.

"बेटी," ते म्हणाले, "हा जीपचा न्हाई. याला खाली चामड्याची मोट बांध, विहिरीवर चालंल."

*

या सगळ्यात आठ दिवस गेले आणि चिवचिवणारा जुना बेल्ट एका दुपारी रस्त्यातच तुटला. चाचांबरोबर मिस्त्री होता. शेजारी एक शेतकरी बैल घेऊन चाललेला. मिस्त्रीनं त्याच्याकडून बैलाचा कासरा मागून घेतला, पुल्यांभोवती तीन वेढे दिले, करकचून गाठ मारली. गाडी चालू! गाठ पुलीवरून जाताना टप, टप, टप वाजायची.

मैलभर गेल्यावर चाचांनी आरशात पाहिलं. धुळीतून शेतकरी पळत येतोय, हात हलवतोय.

"दुवा देतोय बिचारा," चाचा म्हणाले आणि त्यांनीही हात हलवला.

तो आणखी जोरात पळायला लागला. शेवटी गाडी थांबवली. धापा टाकत तो म्हणाला, "दुवा कसली! माझा बैल गेला की कुनाच्या कडब्यात!"

कासरा परत करायला गाठ सुटेना. मिस्त्रीनं ती सुरीनं कापली. पुढं दोन मैल दोघंही जीपबरोबर थांबत थांबत आले. इंजिन निववायचं, पुन्हा जायचं. मला मात्र त्यांनी फक्त बैलाचा भाग हसून सांगितला. उरलेला मला नंतर कळला.

*

अखेर मिस्त्री स्वतः सुतळीचं माप घेऊन गेला आणि बरोब्बर दोन बेल्ट घेऊन आला. एक लावला, एक माझ्या स्टोअरमध्ये. मी त्याला पावडर लावून, कागदात गुंडाळून, खिळ्याला न टांगता सपाट ठेवला. बाळासारखा!

मिस्त्री म्हणाला, "ताई, आता ताण बघायला शिका. इंजिन बंद हाय. मधोमध अंगठ्यानं दाबा."

"किती दाबू?"

"बाजारात वांगं घेताना दाबता तेवढं. लई मऊ लागलं तर सैल, दाबलंच न्हाई तर कडक. कडक बेल्ट बेरिंग खातो, सैल बेल्ट पानी तापवतो."

मी अंगठा ठेवला, तेवढ्यात चाचांनी सीटवर बसताना हॉर्न दाबला. मी अशी किंचाळले की शेजारच्या पिठाच्या गिरणीतून माणसं धावत आली!

"काय झालं, काय झालं?"

"काय न्हाई," मिस्त्री म्हणाला. "ताईंनी वांगं घेतलं."

महिनाभर गिरणीवाले मला पाहिलं की वांग्याचा भाव विचारायचे.

*

आता जो किस्सा येतो तो मी कुणाला सांगत नाही. इथं सांगते.

आमच्या स्टोअरचा नियम होता, जुना भाग जमा केल्याशिवाय नवा द्यायचा नाही. बल्ब असो, टायर असो, बेल्ट असो. साहेबांनी तो मोठ्या अक्षरात लिहून माझ्या डोक्यावर लावला होता, आणि नोकरी जाण्याची मला इतकी भीती, की मी त्याच्याखाली बसायचे ती मान वर न करता.

दुष्काळाचा दुसरा उन्हाळा. एप्रिल महिना. चाचांना पाथर्डीच्या पलीकडे माळेवाडीला पाणी न्यायचं होतं. तिथल्या शाळेत दीडशे पोरं होती आणि गावातली शेवटची विहीर आदल्या आठवड्यात आटली होती. चाचा सकाळी खिडकीशी आले.

"बेटी, दुसरा बेल्ट बरोबर दे. याच्या कडेला तडे गेलेत. फिर बोलने लगा है."

मलाही ऐकू आलं होतं. चिंव, चिंव. तरी मी म्हणाले, "जुना जमा करा, लगेच देते."

"जुना गाडीवर हाय. काढून दिला तर गाडी कशी न्यावी?"

"मग नियमानं..." माझा आवाज चिरकला. "चाचा, तो तुटला ना, की आणा. त्याच मिनिटाला देते!"

चाचांनी एकदा माझ्या डोक्यावरच्या नियमाकडे पाहिलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"अच्छा," ते म्हणाले. "तुटला की आनतो."

मिस्त्रीनं दुपारी हे ऐकलं तेव्हा तो हसलाच नाही. जन्मात पहिल्यांदा.

*

त्याच दिवशी तीनच्या सुमाराला एस.टी.चा एक कंडक्टर निरोप घेऊन आला. "तुमची जीप माळेवाडीच्या अलीकडं माळावर उभी हाय. बोनेट उघडं हाय."

"आणि ड्रायव्हर?"

"मानूस कुनी न्हाई दिसला."

"ट्रेलर?"

"ट्रेलर हाय की. पिपं गच्च भरलेली हायत. रेडिएटर मात्र कोरडा ठन. म्या हात लावून पाह्यला, भाजला."

मिस्त्रीचा चेहरा उतरला. मला समजेना, म्हणून त्यानं सांगितलं. बेल्ट तुटला की पंखा बंद आणि पाणी फिरवणारा पंपही बंद. पेट्रोलची गाडी असती तर बॅटरी उतरून कधीतरी गप्प झाली असती. डिझेलला ठिणगी लागत नाही, ते तापत तापत चालतच राहतं. त्याला थांबवायचं ते माणसानं, आणि पुढं न्यायचं तर दर मैलाला पाणी ओतायचं.

"पण पाणी तर मागे होतं! चार पिपं!"

"व्हय," मिस्त्री म्हणाला. "पोरांचं हुतं."

त्यानं माझ्या टेबलावर हात पुढे केला. मी बेल्ट दिला. जुना मागितला नाही, वही उघडली नाही, सही घेतली नाही. तो पहिल्या ट्रकनं गेला.

मी माळेवाडीच्या पोस्टाला ट्रंक कॉल लावला. गावात फोन तेवढा एकच. ऑपरेटर म्हणाली, "लाईन मिळत नाही." पुन्हा लावला. "घंटी वाजतेय, कुणी उचलत नाही." पुन्हा. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं. चाचांचं वय सत्तावन्न. त्यांच्याकडे प्यायला एक फिरकीच्या झाकणाचा तांब्या असतो, तेवढाच. चाचा जीप सोडून पायीच गावाकडे निघाले असतील तर किती, मी मनात मैल मोजत होते, सात की आठ, आणि वाटेत झाड कुठं आहे ते आठवत होते. एकही आठवेना.

पाच वाजून गेले. ऑपरेटर वैतागून म्हणाली, "बाई, किती वेळा लावायचा?"

"लावा," मी म्हणाले. घंटी वाजत राहिली. मग खरखर झाली. मागं खूप पोरांचा गलका ऐकू आला, बैलगाडीची घुंगरं, आणि कुणीतरी फोन उचलला.

"हॅलो! माळेवाडी पोस्ट का? आमचे ड्रायव्हर, इस्माईलचाचा, जीपचे, तिकडे कुणी..." घशातून नुसती हवा येत होती.

तिकडे कुणीतरी दम खात होतं. मग घोगरा, फाटलेला, ओळखीचा आवाज आला.

"बेटी, आवाज का एवढा कोरडा पडलाय? आधी घोटभर पानी पी. मी धरतो फोन."