मधलं नाव

अविनाशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, माझी साखर किती वाढलीय ते माहीत आहे, मी माझ्या जावेबद्दल काय बोलते तेही माहीत आहे. ही एक गोष्ट माहीत नाही. त्यालाच काय, कुणालाच नाही. सहा वर्षं झाली. तुम्ही माझे कोण? कुणी नाही — म्हणूनच बहुधा सांगायला तोंड उघडतंय. आता उघडलंय तर मिटायच्या आत ऐका.

आधी माझं काम काय ते सांगते, नाहीतर काही कळायचं नाही. दुबईत जुमेरा लेक टॉवर्समध्ये आमचं ऑफिस आहे, कागद तपासायचं. युरोपातल्या एका देशात, महायुद्धाच्या काळात, ज्यू लोकांना घरांतून बाहेर काढलं, छावण्यांत नेऊन मारलं, आणि त्यांची घरं-दुकानं भलत्यांच्या नावावर झाली. जे वाचले त्यांना ती परत करणं ही आपली जबाबदारी आहे, असं तिथल्या सरकारनं मान्य केलं — फार उशिरा, पण केलं. कायदा झाला. कायद्यासाठी खातं झालं. खात्याला माणसं पुरेनात म्हणून कंत्राट निघालं, त्या कंत्राटातून आणखी एक कंत्राट निघालं, आणि अर्ज तपासायचं काम आमच्या टेबलावर आलं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. दुबईत म्हटल्यावर उंटाला काय तोटा!

निर्णय तिकडचं सरकार घ्यायचं, आम्ही फक्त शेरा लिहायचा. पण खरं सांगू? शेऱ्याच्या पलीकडे कुणी बघत नसे. सरकार सरकार म्हणतात ते शेवटी असतं तरी कोण हो? कुठल्यातरी टेबलाशी बसलेलं, भूक लागलेलं एखादं माणूस.

अर्ज होता लिया मिरेल नावाच्या बाईंचा. आडनाव सांगत नाही. वय ऐंशीच्या पुढे. युद्धात ती सहा वर्षांची होती, एका शेतकऱ्याच्या घरी लपवली म्हणून वाचली. आईवडील वाचले नाहीत. वडिलांचं दुमजली घर होतं, खाली बटणांचं दुकान. ते घर तिनं मागितलं होतं.

आमच्या तक्त्यात एक रकाना होता — अर्जदाराच्या वडिलांचं नाव. मी अर्ज उघडला. पहिलं नाव लिया, मधलं नाव मिरेल. लिहून टाकलं, वडील: मिरेल. आपल्याकडे मधलं नाव म्हणजे दुसरं काय असतं? बापाचं, नाहीतर नवऱ्याचं. हात आपोआप चालला. मग घराची जुनी नोंद काढली, तर मालक सॅम्युएल. मिरेल कुठे, सॅम्युएल कुठे! शेरा मारला, ‘मालकाशी नातं सिद्ध होत नाही’, आणि पुढची फाइल घेतली.

मिरेल हे तिच्या आजीचं नाव. बाईचं नाव! त्यांच्यात म्हणे गेलेल्या माणसाचं नाव घरातल्या बाळाला ठेवतात.

चूक झाली, ठीक आहे. चुका कुणाकडून होत नाहीत? मी सांगायला बसले ती गोष्ट ही नव्हे. ती अजून आलेली नाही — मीच तिच्याभोवती घिरट्या घालतेय.

त्याआधी हे ऐका. माझ्या डिग्रीवर सुनीता दत्तात्रय आणि पासपोर्टवर सुनीता अविनाश. नोकरीला लागताना या दोन बाया एकच आहेत हे सिद्ध करायला मी किती खेटे घातले! आमच्या अल मनखूलमधलं, सरकारी अर्ज भरून देणारं टायपिंग सेंटर, मग वकिलात, पुन्हा टायपिंग सेंटर. खिडकीतल्या माणसाला मनातल्या मनात काय काय शिव्या घातल्या — अरे मेल्या, समोर जिवंत उभी आहे ना मी, कागदात काय डोकं घालतोस? तेव्हा मला कल्पना नव्हती असं मी म्हणूच शकत नाही. मधल्या नावापायी माणूस कसं अडतं ते मला पक्कं ठाऊक होतं.

तो शेरा बाईंना कळवला गेला, आणि दोन महिन्यांनी त्यांचं उत्तर आलं. हातानं लिहिलेलं, मागे कुणीतरी करून दिलेलं इंग्रजी भाषांतर. चिडलेलं नव्हतं, तेच वाईट. लिहिलं होतं, मिरेल माझी आजी, माझे वडील सॅम्युएल, अर्जाच्या दुसऱ्या पानावर हे सगळं आहे, आपल्या नजरेतून ते पान सुटलं असावं. मी दुसरं पान उघडलं. होतं. जन्मनोंदीच्या नकलेसकट होतं. पुढे तिनं लिहिलं होतं की घर मला राहायला नको, आता जिने चढवत नाहीत. ते आमचं होतं, एवढं सरकारनं लिहून द्यावं. माझ्यामागे विचारणारं कुणी नाही.

सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं आपण हसत म्हणतो. ही बाई सत्तर वर्षं थांबली होती.

मला काय करायचं होतं? ‘दुरुस्ती’ असं बटण आहे, ते दाबायचं आणि शेरा बदलायचा. दोन मिनिटांचं काम. पण दुरुस्ती केली की कुणाची चूक ते वर कळतं. त्या तीन महिन्यांत माझ्या नावावर आधीच तीन दुरुस्त्या होत्या. चौथीला नोकरी जाते असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण एकीची गेली होती. अविनाशची उम्म अल कुवैनची फॅक्टरी नुकतीच बंद पडलेली, तो आणि लेक दोघंही माझ्या व्हिसावर, लेकीची दहावी — बघा, लागले ना कारणं द्यायला! किती सफाईनं येतात. सोडा ते. तेव्हा भीती वाटली, आणि त्या बाईपेक्षा मला माझी खुर्ची मोठी वाटली. एवढंच खरं.

मागून सुपरवायझर रोजच्यासारखा ओरडत गेला, “यल्ला यल्ला, पेंडिंग खलास करो!”

मी खलास केलं. तिच्या पत्रावर शेरा लिहिला: ‘नवीन कागदपत्र जोडलेले नाही.’

आता यात खोटं काय? एक अक्षर खोटं नाही. नवीन कागद तिनं जोडलाच नव्हता — जोडणार कशाला, जुन्यातच सगळं होतं! वाक्य मी मुद्दाम निवडून लिहिलं. उद्या कुणी विचारलंच तर बोट ठेवायला जागा नको, इतका विचार करून. चूक करताना डोकं चाललं नव्हतं, पाप करताना मात्र छान चाललं. मग खाली जाऊन जेवले. डब्यात गवारीची भाजी होती, सगळी संपवली.

अर्ज नामंजूर झाला. अपिलाची सोय होती. अपील आलंय का, हे मी रोज सकाळी आल्या आल्या बघायचे — चोराच्या मनात चांदणं. आलं असतं तर दुसऱ्या कुणाच्या टेबलावर गेलं असतं, त्यानं दुसरं पान पाहिलं असतं, आणि मी सुटले असते. म्हणजे मला काय हवं होतं, कळतंय ना? माझं राहिलेलं काम त्या म्हातारीनं करावं!

अपील आलं नाही. चार महिन्यांनी नामंजुरीचं पत्रच परत आलं. पाकिटावर शिक्का, की ज्यांना पाठवलं त्या हयात नाहीत. त्या पाकिटाची प्रत फाइलला मीच लावली. आणि मला हायसं वाटलं. हो, हायसं. दुःख नंतर झालं, बरंच नंतर. आधी हायसं वाटलं, आणि त्याची लाज मला त्या शेऱ्यापेक्षाही जास्त वाटते.

चौथी दुरुस्ती माझ्या नावावर कधी लागलीच नाही, त्यामुळे बढती मिळाली. आता मी नव्या लोकांना शिकवते. मुंबई-पुण्याकडची मुलं आली की हीच चूक करणार, म्हणून पहिल्या दिवशीच बजावते, “बाबांनो, इथे मधलं नाव म्हणजे बाप नव्हे! आमच्याकडे एकीनं आजीला बाप करून ठेवलं होतं.” सगळे हसतात. मीही हसते. ‘एकीनं’ म्हणते मी.

मागच्या आठवड्यात नाशिकची एक मुलगी आली. ती हसली नाही. वही मिटता मिटता म्हणाली, “मॅडम, मग ज्यांचा अर्ज होता त्यांना त्यांचं घर मिळालं का?”

“मिळालं गं,” मी म्हटलं.

“बरं झालं बाई,” ती म्हणाली, आणि चहाला गेली.

मिळालं नाही. ते त्यांचं होतं, असंही कुठे लिहिलेलं नाही. जुनी फाइल उघडून शेरा बदलायला आता मला कुणाची परवानगी लागत नाही, तो अधिकार बढतीबरोबरच आला. आज दिवसभर मी ऑफिसात होते. फाइल उघडली नाही.