शेवटची काच

आज वावटळ उठली, दातांखाली माती कचकचली आणि निजामाच्या अमलातला तलवाडा आठवला. तेव्हा फोटो काचेवर निघायचे. काचांची पेटी घेऊन मी गावोगाव फिरायचो.

पाटलांची सून नवी पैठणी नेसून उन्हात उभी होती. एकदम वारा सुटला. माझ्या पाठीवर, तिच्या तोंडावर.

“भाऊ, लई माती उडतीय. जरा थांबायचं का?”

“न्हाई वैनी, एकच काच उरलीय. पापणी लवू देऊ नका.”

कॅमेऱ्याचं झाकण काढून मी पाच आकडे मोजले. ती बिचारी बघतच राहिली. डोळ्यात खडा गेला, डोळा पिकला आणि कायमचा गेला. फोटोत मात्र दोन्ही टपोरे आहेत.

मला गेवराईची बैलगाडी गाठायची होती, एवढंच. पेटीत अजून तीन काचा होत्या.