स्पिरिटातले पापुद्रे

शिरूर कासारच्या आमच्या कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवतो. प्रयोगशाळेतल्या शिपायांना सगळे मामा म्हणतात. कांद्याचा पापुद्रा सोलताना मामा श्वास रोखून धरतात आणि तो काचपट्टीवर सपाट पसरला की त्यालाच म्हणतात, "बसा आता निवांत." मला इतक्या मायेनं त्यांनी कधी बसा म्हटलेलं नाही, आणि त्याला कारण आहे.

गेल्या वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेत मिठाच्या पाण्यात पेशी आक्रसलेली दाखवायची होती. सकाळची घाई नको म्हणून मी आदल्या दिवशीच पापुद्रे काढून स्पिरिटात बुडवून ठेवले. दुसऱ्या दिवशी एकही पेशी आक्रसेना. बाहेरगावच्या परीक्षकांनी जाब विचारला, तेव्हा वीस वर्षं पेशीपटल शिकवणारा हा विद्वान म्हणाला, "शिपायानं घोळ घातला, सर."

परीक्षकांनी मामांना पोरांसमोर झापलं. मामांनी मान खाली घालून ताजा कांदा चिरला, नवे पापुद्रे काढले आणि पोरांचे मार्क वाचवले.

परवा एकदाचा धीर करून मी म्हणालो, "मामा, स्पिरिट मी ओतलं होतं."

"ठावं हाय की, सर. वास येत व्हता. पडदा जित्ता असला तर पानी जाऊ देतो अन् मीठ अडवतो. मेला की समदंच आत. मग पेशी कावून आक्रसंल?"

एवढं सोपं मला वर्गात कधी जमलं नाही.

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तुमी बोलताल म्हनून थांबलो व्हतो."