नानांच्या तीन पिकअप

त्या दुपारी मी रोपवाटिकेत मोसंबीच्या कलमांना पाणी देत होते. फोन नानांच्या नंबरवरून आला, पण आवाज बाबूभाईंचा होता. कन्नडला त्यांची चहाची टपरी आहे, आणि शेणखत आणायला गेलेले नाना तिथं थांबल्याशिवाय कधी परतत नसत. “भाभी, गाडी सावलीत लावली त्यांनी. चहा सांगितला. मी कप घेऊन आलो तोवर...” नाना गेले होते. नाना संध्याकाळी ॲम्ब्युलन्सनं आले. दुसऱ्या दिवशी बाबूभाई स्वतः आमची पिकअप चालवत हर्सूलला घेऊन आले. मागं खत तसंच भरलेलं. किल्ली त्यांनी मुलाच्या हातात न देता माझ्या हातात दिली. “ये आपकी है, भाभी,” एवढंच म्हणाले आणि एसटीनं परत गेले.

नाना म्हणजे माझे यजमान. सगळं हर्सूल त्यांना नाना म्हणायचं, मग मीही इथं तेच म्हणते. आमची रोपवाटिका अशी चालायची, की कलमं मी बांधायची आणि गाडी त्यांनी हाकायची. झाडांतलं त्यांना यथातथाच कळायचं, हे मी त्यांच्या तोंडावर सांगत आले, आता मागं सांगायला हरकत नाही. पण हर्सूलचं रोप पाचोडच्या बाजारात हसत कसं पोचवायचं, हे मात्र त्यांचंच काम.

जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या पहिल्या पिकअपमधून पाचोडला जाऊन यायला हवं होतं. इंजिन बुडाखाली, त्यामुळं उन्हाळ्यात सीटवर गोणपाट घालून बसावं लागे. दार तीनदा आपटल्याशिवाय लागत नसे. वळण आलं की नाना सीटवरून अर्धे उठून, दात-ओठ खात चाक ओढायचे आणि मी पलीकडं देवाचं नाव घ्यायची. मागचे स्प्रिंगचे पाटे इतके ताठ, की पाचोड येईपर्यंत निम्म्या पिशव्यांतली माती मुळापासून सुटलेली असायची. एक शेतकरी म्हणालाच, “नाना, रोपं आणली का माती?” नाना जराही ओशाळले नाहीत. “दोन्ही घ्या की. माती हर्सूलची हाय, लई चांगली.” माणूस असा, की त्याच्यावर रागावायचं ठरवून आलेलं गिऱ्हाईक दोन रोपं जास्त घेऊन जायचं.

त्या चाकानं त्यांचा उजवा खांदा मात्र खाल्ला. पुढं पुढं तर सदरा घालतानाही मला बाही धरावी लागे. दुसरी पिकअप आली ती पॉवर स्टिअरिंगची. पहिल्या दिवशी गल्लीतल्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ते एका बोटानं चाक फिरवून दाखवत होते. मागचा हौदा लांब होता, त्यात त्यांनी लोखंडी फळ्या बसवून रोपांसाठी दोन मजले केले. पाटेही मऊ. रोपं शाबूत पोचू लागली, खांद्याचं दुखणंही गेलं. त्या गाडीनं मला माझा नवरा धडधाकट परत दिला, असं मी आजही म्हणते.

तिसरी, म्हणजे आत्ताची, आल्यावर घरात रोज एक नवी गंमत. पट्टा लावला नाही की ती ओरडायची, दार नीट लागलं नाही की ओरडायची. “ही गाडी हाय का सासू?” नाना वैतागायचे. मागं घेताना पडद्यावर मागचं दिसायचं, तरी ते खिडकीतून मान बाहेर काढून बघायचेच. एसी मात्र त्यांना फार आवडला. आणि तिथंच फसले.

पहिल्याच उन्हाळ्यात पपईची रोपं घेऊन एकटेच पाचोडला निघाले होते. काचा बंद, आत थंडगार. पूर्वी खिडकीतून झळा यायच्या, स्वतःचा घसा कोरडा पडला की ते गाडी थांबवायचे आणि मागं जाऊन रोपांवर पाणी शिंपडायचे. त्यांचा घसा हेच त्यांचं घड्याळ होतं. त्या दिवशी घसा काही कोरडा पडला नाही. पाचोडला रोपांवरची जाळी उघडली तर सगळ्या रोपांनी माना टाकलेल्या. गाडी तशीच भरलेली परत आणली आणि अंगणात बसून राहिले. “मी गारव्यात बसलो अन् लेकरं मागं भाजली,” म्हणाले. मला चिडायचं होतं, पण चिडवेना. त्यानंतर मागं रोप असलं की काचा खाली आणि एसी बंद. येताना रिकाम्या गाडीत मात्र थंडी वाजेपर्यंत एसी लावायचे.

ही तिसरी गाडी इतकी हलकी चालायची, की हर्सूल तलावाजवळच्या माळावर त्यांनी मला ती शिकवली. मी म्हटलं, “अहो, या वयात कामून?” तर म्हणाले, “मला कधी ताप आला तर रोपांनी वाट बघायची व्हय?” लायसन मिळालं, पण भरलेली गाडी घेऊन मी कधी गावाबाहेर गेले नव्हते. ते असताना गरजच पडली नाही.

ते गेल्यावर रवी, आमचा मुलगा, म्हणाला, “आई, कलमं दुसऱ्या रोपवाटिकेला देऊन टाकू. गाडी विकू. मला कंपनीतून सुट्ट्या नाय मिळत.” तो चुकीचं बोलत नव्हता. पण पाचोडच्या लोकांना मोसंबीची कलमं देतो, असा शब्द नानांनी दिला होता. ती मी बांधली होती. एकदा दुसऱ्याच्या हातात दिली असती तर रोपवाटिका तिथंच संपली असती, आणि मग मी घरात बसून नुसती नानांची आठवण काढत राहिले असते. मला ते नको होतं. “बाजारच्या दिवशी एक सुट्टी काढ, शेजारी बस,” मी रवीला सांगितलं. “चालवते मी.”

मागच्या आठवड्यात निघालो. काचा खाली. नाना उंच, त्यांनी सीट पार मागं सरकवून ठेवलेली, बाबूभाईंनीही ती तशीच ठेवली होती. ती हलवायला माझा हात धजेना, म्हणून पाठीमागं उशी घेऊन मी पुढं रेलून बसले. शहरातून निभावलं. आडूळच्या अलीकडं पुढची बस अचानक थांबली. ब्रेकवर माझी नुसती बोटं पोचली. गाडी थांबली, पण बसच्या अगदी जवळ. मागं कलमं हलल्याचं ऐकू आलं... मी गाडी कडेला घेतली, उशी मागं टाकली आणि सीटखालच्या दांडीला हात घातला.

“आई, राहू दे ना तशीच,” रवी म्हणाला. “नानांची जागा हाय ती.”

“नानांची नाय रे,” मी म्हटलं. “गाडी चालवणाऱ्याची हाय.”

दांडी ओढली. सीट कटकट करत पुढं सरकली. मला रडू आलं, ते मी येऊ दिलं. मग डोळे पुसून ब्रेक दाबून पाहिला. पाय पुरता पोचत होता.