पाचाचं पान

कमलच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी अंगणवाडीत खिचडीचं पातेलं उतरवत होते. "मावशी, आई गेल्या," एवढंच ती बोलली. मी म्हटलं, "बरं." बरं काय, डोंबल! पण माणूस दमलं की तोंडातून असंच काहीतरी निघतं. पोरांना वाढलं, मोबाईलवर हजेरी भरली आणि मग मदतनीस बाईला म्हटलं, "माझी कमल गेली गो..." महिना उलटला त्याला.

आम्ही दोघी एकाच वेळी सेविका झालो. ती पेणजवळ, धरमतरच्या खाडीकाठच्या गावात, मी रोह्याकडे. पेणच्या प्रशिक्षणात शेजारी बसलो नि चिकटलोच. आकडे शिकवायची चित्रांची पुस्तकं तेव्हा पुरायची नाहीत आणि जी यायची त्यांत सफरचंदं नि पेंग्विन. कमल म्हणाली, "आपणच करू." तिने मांजर काढायला घेतलं की म्हैस व्हायची, म्हणून चित्रं माझी. जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठी खळीने चिकटवल्या, सुतळीने शिवल्या. एक होडी, दोन बैल, तीन मडकी, चार बगळे, पाच कोळंब्या... अशी दोन पुस्तकं झाली, एक तिला, एक मला.

माझ्या पोरांना पुस्तक पाठ झालं. तिची पोरं मात्र पाचावर अडली. चारपर्यंत ठणठणीत, आणि कोळंब्यांचं पान आलं की "एक!" वर्षभर फोनवर मी तिची टर उडवली. "तुझी पोरं ढ हायत गो!" ती चिडायची नाही, याचाच मला राग यायचा. शेवटी म्हणाली, "ये नि बघ."

गेले. रोह्यापासून एसटीत उभी, गडब गाव आल्यावर जागा मिळाली तीही चाकावरची. अंगणवाडीत एका चिमुरडीसमोर पुस्तक धरलं. "किती?" "एक." "नीट बघ, किती?" तिने माझी कीव केल्यासारखं पाहिलं नि म्हणाली, "एक वाटा." तिची आई मासळीबाजारात बसते. तिथे कोळंबी एकेक कोण मोजतं? ढीग लावतात, एक ढीग म्हणजे एक वाटा. आणि मी शहाणीने, शोभून दिसाव्यात म्हणून, पाची कोळंब्या केळीच्या पानावर एकीला एक चिकटून काढलेल्या.

कमल हसून लोळायची बाकी होती. मग म्हणाली, "पोर चुकली नाय, चित्र चुकलंय. मला येवढं पान बदलून दे. सुट्या सुट्या काढ, एकेकीवर बोट ठेवता येईल अशा."

"देते गो, पुढच्या महिन्यात."

पुढचा महिना... नवऱ्याची धाटावला कंपनीत शिफ्ट, त्याचा डबा, सर्वे, लसीकरण, रोज नवी माहिती भरा, वर माझे गुडघे. ती प्रत्येक फोनला विचारायची, "माझं पान?" एकदा मी वैतागलेच. "अगं, एका पानावाचून काय अडलंय तुझं?" त्यानंतर तीन वर्षांत तिने तो विषय काढला नाही. हे मला खातंय. दुसरं काही नाही, हेच.

गेल्या आठवड्यात स्केचपेनं घेऊन तिच्या अंगणवाडीत गेले. ती गेल्यावर का होईना, शब्द पाळू म्हटलं. नवी सेविका अजून आलेली नाही. तिथल्या मदतनीस बाईने पुस्तक काढून दिलं. सुतळी बदललेली, कोपरे झिजून गोल झालेले. चार बगळ्यांचं पान उलटलं तर पुढे कोळंब्या नाहीत. त्यांच्यावर कोरा कागद चिकटवलेला. माझ्यासाठी ठेवला होता कमलने. पण कोरा तरी कसा म्हणू? सगळा मळलेला. खडूचे, मातीचे, खिचडीच्या हळदीचे डाग.

"हे काय गो?" मी विचारलं.

"बाई म्हणायच्या, रोह्याच्या बाईंचं चित्र यायचं हाय, तवर आपापला हात ठेवा. पोरं पंजा ठेवायची नि बोटं मोजायची."

मग त्या डागांतले हात मला दिसायला लागले. पंज्यांवर पंजे, तीन वर्षांतल्या सगळ्या पोरांचे. यात मी कोळंब्या काढू कुठे? पेनाला टोपण लावलं. खूप रडू आलं. डोळे पुसून त्या पानावर माझा हात ठेवला, बोटं सुटी सुटी पसरून, आणि मोठ्याने मोजायला लागले. खिचडीसाठी बसलेली पोरंही माझ्याबरोबर मोजायला लागली. पाचावर कोणीच अडलं नाही.