शेंदरी दगड

आमच्या घरामागे डोंगर आहे, त्यावर जंगल आहे आणि कागदोपत्री ते माझं आहे. वेस्ट व्हर्जिनियातल्या या कोळशाच्या गावात मी पस्तीस वर्षं डॉक्टरकी केली. एका म्हाताऱ्या पेशंटनं बरा झाल्यावर मूठभर लाल बिया आणून दिल्या होत्या, जिनसेंगच्या; त्या आम्ही डोंगरावर पेरल्या. इथली माणसं त्याला नुसतं 'सँग' म्हणतात. मुळी दोन पायांची, माणसासारखी. औषध म्हणून परदेशात जाते, त्यामुळे चोर फार. फळं लाल झाल्याशिवाय खणायचं नाही आणि खणलं तर बी त्याच जागी परत पुरायचं, असं म्हाताऱ्यानं बजावलं होतं.

बायकोनं 'सँग'चं 'संग' करून टाकलं. तिचे वडील वैद्य. औषधी काढायची तर आदल्या दिवशी अक्षता वाहून तिला आमंत्रण द्यायचं, हे तिच्या अंगात भिनलेलं. स्वतः तिनं एकही मुळी कधी काढली नाही. पानं गळाली की रोप कुठं होतं तेही कळत नाही, म्हणून प्रत्येकाशेजारी ती एक दगड ठेवी आणि त्याला कुंकू लावी. पावसात ते वाहून जाई.

"अहो, पुन्हा लावायला वर जावं लागतं. तेवढाच एक्सरसाइज होतो," म्हणायची.

ती गेली त्याला तीन वर्षं झाली. अस्थी मुलीनं नाशिकला नेल्या. त्यातली चिमूटभर राख मी कुणाला न सांगता मागे ठेवली आणि सगळ्यात जुन्या रोपाच्या मुळाशी बोटानं उकरून घातली.

मग शहाणपणा केला. माझे गुडघे दुखतात, दर पावसानंतर कोण चढणार? गॅरेजमध्ये शेंदरी ऑइल पेंटचा डबा होता. एका दुपारी सगळे दगड रंगवून टाकले. मारुतीसारखे लांबून चमकायला लागले. स्वतःवर फार खूश झालो मी.

गेल्या सप्टेंबरात एका सकाळी धुक्यातच वर गेलो. पहिला दगड दिसेना. होता पायाशीच, पण पालथा. शेजारी ओली माती, नीट थोपटलेली. दुसराही पालथा. तिसराही. कुणीतरी माझ्याच खुणा धरून, अजिबात घाई न करता, रांगेनं गेलं होतं आणि प्रत्येक दगडाचं तोंड जमिनीकडे करून ठेवलं होतं.

तेवढ्यात वरून आवाज आला. खर्र, खर्र. मातीत लोखंड फिरल्याचा. सगळ्यात जुनं रोप वरच, कड्याखाली होतं. मी झाडं धरधरून चढायला लागलो. थांबलो की आवाजही थांबे.

"हू इज देअर?" मी विचारलं. पाऊल उचललं की पुन्हा खर्र. असल्या माणसांकडे बंदुका असतात, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. मी घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू? पण तिला तिथं एकटीला टाकून परतायला मन धजेना.

पोचलो तेव्हा कुणी नव्हतं. दगड पालथा, खड्डा बुजवलेला. भुसभुशीत मातीत हात घातला तर मुळी नव्हती. बोटांना लागल्या त्या लाल बिया, परत पुरलेल्या. चोरानं नियम पाळला होता. मला आधी संताप आला आणि मग रडू आलं.

खाली, माझ्या आणि घराच्या मधे कुठंतरी, काटक्या मोडत कुणीतरी सावकाश चाललं होतं. तो आवाज विरेपर्यंत मी त्या बियांवर हात ठेवून बसून राहिलो.

दुपारी शेरीफच्या ऑफिसातून डेप्युटी आला. सभ्य माणूस. परवानगीशिवाय जमिनीत शिरणं आणि चोरी, दोन्ही फॉर्मवर लिहून घेतलं. म्हणाला, "डॉक, आत्तापर्यंत डीलरच्या पोत्यात गेलं असेल. वाळवून बाहेर जातं. लोक उकळून पितात, ताकद येते म्हणे."

मी पाणी पीत होतो. तो ग्लास खाली ठेवला.

"सापडलंच, तर तुमचं सँग तुम्हाला ओळखता येईल?"

"हो," मी म्हणालो.

"खूण काय लिहू?"

तो पेन धरून थांबला. त्या मुळीत चिमूटभर ती आहे, हे त्याला इंग्रजीत कसं सांगायचं ते मला सुचेना.