पश्चिमेची भिंत, वरून

मंगळवारी सकाळी ताई वारली. सात वाजता शेजाऱ्यांनी फोन केला. मी ब्रह्मपुरीत होतो. गाडीनं सौंदडला पोचलो आणि संध्याकाळ व्हायच्या आत तिला अग्नी दिला.

विमलताई माझी थोरली बहीण. सौंदडजवळच्या शाळेत तिनं आयुष्यभर भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावरही तिथल्याच भाड्याच्या घरात राहिली. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. तिला माणसं आवडायची, मला पुस्तकं. सौंदडपासून दोन-तीन कोसांवर झुडपांत एक पडका किल्ला आहे. कोणी तो गोंड राजाचा म्हणतात. आत देवळाचं जोतं आहे, ते त्याहूनही जुनं असावं. किती वर्षं कोण जाणे, पण दर रविवारी मोजायची टेप आणि डबा घेऊन ताई तिथं जायची. तिनं त्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं आणि स्वतः नकाशा काढला. किल्ल्याच्या तीन भिंती कोणालाही दिसतात. चौथी, पश्चिमेची, नाहीशी झाली असं सगळे समजत होते. ती आपल्याला सापडली, असं ताईचं म्हणणं होतं. शेतांच्या कडेनं घडीव दगडांची एक लांब रांग होती, तीच ही भिंत.

दोन दिवाळ्यांपूर्वी तिनं छपाईची कच्ची पानं मला वाचायला दिली. शुद्धलेखन तपासून मी म्हणालो, “पश्चिमेच्या भिंतीला पुरावा कुठं आहे? असं छापू नकोस, लोक हसतील.” ती “बरं” म्हणाली. पानं कपाटात गेली. त्यानंतर पुस्तकाचा विषय तिनं काढला नाही, मीही काढला नाही.

तेराव्याला गोंदियाजवळच्या गोरेगावचे छापखानेवाले आले. जेवण झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, “बाईंचं पुस्तक तसंच पडून आहे. छापायचं का? नकाशा आहे तसाच ठेवू ना?”

मी महिनाभराची मुदत मागितली.

भिंत खरी असेल, तर मी एका वाक्यानं बहिणीचं पुस्तक अडवलं होतं. खोटी असेल, तर मी बरोबर होतो, आणि आता बरोबर ठरण्यात मला काही रस नव्हता. मोबाइलवर वरून काढलेलं चित्र पाहिलं. ते पावसाळ्यातलं होतं, सगळं हिरवं. जमिनीत गाडल्या गेलेल्या भिंती शोधायच्या तर उगवत्या उन्हात वरून पाहाव्यात, असं मी कुठंतरी वाचलं होतं. जमीन हातभर उचललेली असली तरी तेव्हा तिची सावली लांब पडते. अशात पेपरात बातमी आली की एका खाजगी कंपनीचं गरम हवेचं बलून हिवाळ्यात काही दिवस त्या किल्ल्यावरून फिरणार आहे. मी जत्रेतल्या पाळण्यातही न बसणारा माणूस. मी एक जागा राखून ठेवली.

डिसेंबरात निघालो. ब्रह्मपुरीहून सौंदडकडे जाणारी गाडी रमतगमत जाते. वडशाला एक बाई उकडलेले शिंगाडे घेऊन डब्यात चढली. काळी साल सोलली की आतला गर कोमट, पिठूळ, किंचित गोड. खिडकीबाहेर धान कापून झालेल्या बांध्या (धानाची बांध घातलेली शेतं) पिवळ्या पडल्या होत्या. मधेच एखादा तलाव यायचा, त्याच्या पाळीवर बगळे. ताईच्या घराची किल्ली माझ्या खिशात होती. घरात शिरलो, दिवा लावला, तिच्या पलंगावर न झोपता खाली चटई टाकली. कपाट उघडलं नाही.

पहाटे पाचला कंपनीची जीप न्यायला आली. थंडी चांगलीच होती. किल्ल्याच्या ईशान्येला एका मोकळ्या मैदानात कापड पसरून ठेवलं होतं, शाळेच्या पटांगणाएवढं. मोठ्या पंख्यानं त्यात हवा भरत होते. मग पायलटनं बर्नर सुरू केला. नारिंगी जाळ घोंघावत आत गेला, कापड हळूहळू उठून बसलं आणि बघता बघता आमच्या डोक्यावर उभं राहिलं. पायलट राजस्थानातले, नाव भंवरजी. वेताच्या टोपलीत त्यांच्याशिवाय आम्ही तिघं: मी आणि गोंदियाचं एक व्यापारी जोडपं. नवरा अंगानं भरलेला, राइस मिलचा मालक. बायको बारीक, तोंडाची फटकळ.

“इसमें ब्रेक कहाँ है?” शेठजींनी विचारलं.

“ब्रेक नहीं है,” भंवरजी म्हणाले. “स्टीयरिंग भी नहीं है. ऊपर-नीचे मैं करता हूँ, आगे का काम हवा करती है.”

“बिल्कुल हमारी गृहस्थी जैसा है,” बायको म्हणाली. “इनको आदत है.”

जमीन कधी सुटली ते कळलंच नाही. धक्का नाही, आवाज नाही. दोर धरून उभी असलेली माणसं लहान होत गेली एवढंच. मला वाटलं होतं भीती वाटेल. तसं झालं नाही. बर्नर बंद असला की इतकी शांतता होती की खालच्या वस्तीतला कोंबडा आणि कोणाच्या तरी अंगणातला झाडण्याचा आवाजही ऐकू येत होता. पूर्वेला क्षितिज तांबूस झालं. धुकं तलावांवरच तेवढं होतं, त्यामुळे कुठं कुठं पाणी आहे हे धुक्यावरून मोजता येत होतं. लहान बोड्या (शेततळी) सुद्धा प्रत्येकी आपापला कापूस घेऊन बसल्या होत्या.

“वो देखो, अपनी मिल,” शेठजी बोट दाखवून म्हणाले.

“गोंदिया किधर है, आप किधर देख रहे हो,” बायको म्हणाली. “वो किसी का मुर्गीखाना है.”

तेवढ्यात सूर्य वर आला आणि किल्ला दिसला.

इतकी वर्षं तो माझ्यासाठी ताईच्या हस्ताक्षरातला होता. आता तो पूर्ण समोर होता. पळसाच्या झुडपांमधून पूर्वेची भिंत सरळ गेली होती आणि तिची रुंद काळी सावली आत पडली होती. कोपऱ्यांवर बुरुजांचे गोल उंचवटे. उत्तरेला, दक्षिणेला तसंच. भिंतींच्या बाहेरून खंदकाचा खोलगट पट्टा, त्यात अजून अंधार. मधे देवळाचं जोतं, पाटासारखं चौकोनी. तिनं लिहिलेलं सगळं होतं, जिथं लिहिलं तिथंच. देवळाकडे जाणारी पायवाट तिनं तुटक रेघेनं दाखवली होती. तीसुद्धा वरून तुटकच दिसली.

वारा आम्हाला नैर्ऋत्येकडे नेत होता. मी टोपलीच्या कडेला दोन्ही हात धरून पश्चिमेची वाट पाहत होतो. ताईचं खरं निघू दे, असं मी मनात म्हणालो. देवाला नाही, असाच.

पश्चिमेची रेघ आली. तिची सावली दोरीसारखी बारीक होती. तिला बुरुज नव्हते, बाहेर खंदक नव्हता. थोडी सरळ जाऊन ती एका बोडीला वळसा घालत होती आणि पुढं शेजारच्या रेघेला मिळत होती, ती आणखी एकीला. खालची सगळी शेतं अशाच रेघांनी विणलेली होती. तो धुरा (बांधीचा बांध) होता. लहान मुलानंही सांगितलं असतं.

“आपको चक्कर आ रहा है क्या, भाईसाहब?” शेठजींच्या बायकोनं विचारलं.

“नहीं,” मी म्हणालो. तिनं पर्समधून आवळासुपारी काढून माझ्या हातावर ठेवली आणि पुढं काही विचारलं नाही.

उतरण्याची वेळ झाली तेव्हा खरी पंचाईत झाली. कापणी झालेल्या जवळजवळ प्रत्येक बांधीत पुंजणे (कापलेल्या धानाचे रचलेले ढीग) उभे होते. मळणी व्हायची होती. भंवरजी दोनदा खाली आले आणि दोनदा जाळ सोडून पुन्हा वर गेले. शेवटी एक मोकळी बांधी सापडली. “घुटने मोड़ के,” ते ओरडले. टोपली एकदा टेकली, उडाली, पुन्हा टेकली आणि कलली. शेठजी माझ्या अंगावर आणि त्यांची बायको त्यांच्यावर, अशा क्रमानं आम्ही थांबलो.

धुऱ्यावरून एक माणूस धोतर सावरत धावत आला.

“पुंजन्याजवर जाळ कायले आनता जी? वर्साचा धान हाये तो.”

“आग बंद है, बाबा,” भंवरजी म्हणाले.

“बंद हाये तं मंग हा फुगा फुगून कसा राहिला?”

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. कापड पूर्ण खाली येईपर्यंत तो पुंजण्यासमोर हात पसरून उभा राहिला. मग त्यानं पायाखाली पाहिलं. उभ्या धानात पेरलेली लाखोरी (लाख नावाचं कडधान्य) आता वीतभर उगवली होती आणि आम्ही तिच्यावर उभे होतो.

“लाखोरी तं तुडवलीच,” तो म्हणाला. “असू द्या. उठते ते परत. तुमी कुठले?”

“ब्रह्मपुरीचा. शाळेतल्या विमलबाईंचा मी भाऊ.”

त्यानं मला खालून वर पाहिलं. “पुस्तकवाला? म्हंजे ‘पुरावा कुठं हाये’ म्हननारे ते तुमीच.”

मी मान डोलावली.

“चाला, चाय घ्या. गाडी याले येळ हाये त्यायची.”

त्याचं नाव शालिकराम. घर शेतालाच लागून होतं. अंगणात त्याच्या बायकोनं चहा दिला, मग न विचारताच भात आणि लाखोरीच्या कोवळ्या पाल्याची भाजी वाढली. लसणाची फोडणी, वरून मिरची. शेठजींनी दोनदा भाजी मागितली. त्यांची बायको म्हणाली, “घर पे यही बनाऊँ तो घास बोलते हैं.”

जेवण झाल्यावर शालिकराम मला धुऱ्यावर घेऊन गेला. तीच रेघ, जी मी वरून पाहिली होती. दगड खरंच घडीव होते. एकावर फुलाची अर्धी पाकळी कोरलेली होती.

“हा माह्या आज्यानं बांधला,” तो म्हणाला. “किल्ल्याची अठली भित पडली होती. गोटे बंडीनं (बैलगाडीनं) आनले अन् रचले. मी लहानपनापासून आयकून हावो.”

“ताईला हे सांगितलं नाही तुम्ही?”

“पयले नाही सांगतलं. बाई उन्हातान्हात मोजून राहिल्या, खूश होऊन राहिल्या. कोन सांगल जी? मंग तुमी दिवाळीले येऊन गेले ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी आल्या. टेप नाही, काही नाही. अठीच बसल्या. म्हनल्या, शालिकभाऊ, खरं सांगा, कोनं बांधला हा? तवा सांगतलं.”

“मग?” मी विचारलं. “फार वाईट वाटलं का तिला?”

“गोट्यावरून हात फिरवला. मंग हासल्या. म्हनल्या, माह्या भावाले सांगू नोका.”

“का?”

“मी बी तेच म्हनलं, काऊन? तं म्हनल्या, तो दुसऱ्यासारखा हासत नाही, चूप बसून हासते. ते मले सयन होत नाही.”

मी धुऱ्यावर बसलो. दोन वर्षं मी समजत होतो की माझ्या बोलण्यानं ती थांबली. ती थांबली होती ते एका प्रश्नासाठी, आणि तो प्रश्न तिनं योग्य माणसाला विचारला होता. मी पुस्तकांत पुरावा शोधायला सांगत होतो. ती शेतकऱ्याकडे गेली.

“त्याच्यानंतर घरोघरी फिरल्या,” शालिकराम सांगत होता. “कोनाच्या धुऱ्यात किल्ल्याचे गोटे गेले, कोनाच्या विहिरीत, कोनाच्या तुळसीखाली. सारं लिहून घेतलं. पडलेली भित गेली कुठं ते काढतो म्हनत. ह्या टोलीचे (वस्तीचे) झाले सारे. बोडीपलीकडचे राहिले. थंडी सरली का जाईन म्हनल्या होत्या.”

तेवढ्यात कंपनीची गाडी आली. शालिकरामच्या बायकोनं पिशवीत लाखोरीचा पाला बांधून दिला. भंवरजींनी निघताना पुन्हा एकदा सांगितलं की आग बंद होती. शालिकराम म्हणाला, “तुमची बंद असन. माहा जीव जळून राहिला होता ना.”

दुपारी ताईच्या घरी कपाट उघडलं. कच्च्या पानांतल्या नकाशावर पश्चिमेच्या भिंतीवरून पेन्सिलीनं एक रेघ मारलेली होती. शेजारी एक वही. तिच्यात घरवार नावं, दगडांची लांबी-रुंदी, कोरीव असेल तर लहानशी चित्रं. शालिकरामच्या आज्याचं नाव पहिल्या पानावर होतं. माझ्यासाठी चिठ्ठी वगैरे नव्हती. मी शोधली.

बहीण गेल्यावर माणूस तिची चूक शोधायला निघतो की आपली, हे मला निघताना नीट माहीत नव्हतं. चूक तिचीही निघाली आणि माझीही. पण तिनं तिची दोन वर्षांपूर्वीच दुरुस्त करायला घेतली होती. आम्ही दोघं जवळपास रोज फोनवर बोलत होतो, हवापाण्याचं, गुडघ्यांचं. हे सांगायला तिला अजून थोडा वेळ हवा होता, एवढंच.

संध्याकाळी गोरेगावला फोन केला. तो नकाशा छापू नका, म्हणालो. “मग पुस्तक केव्हा?” त्यांनी विचारलं. माहीत नाही, म्हणालो. मग शालिकरामला फोन लावला आणि बोडीपलीकडच्या लोकांशी ओळख करून द्याल का, असं विचारलं. अनोळखी माणसाच्या दारात जाऊन बोलणं मला जमत नाही, हेही सांगितलं.

“जमन,” तो म्हणाला. “आधी चाय मांगा.”

मी त्या आठवड्यात ब्रह्मपुरीला परतलो नाही. घरमालकांना सांगून ताईचं घर आणखी काही महिने ठेवून घेतलं. ताई नाही. पुस्तक अपुरं आहे. बोडीपलीकडची घरं विचारायची आहेत.